शिलाहारकाळातलं कान्हेरी : प्रकल्प नोंदी

९ जून

प्रकल्पाची चौकट आज ठरली: बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांवर शाळेतल्या मुलांसाठी एक पुस्तिका आणि नकाशा, कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या काळापुरता. कान्हेरी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीन नंबरचा चैत्य येतो, ओसरीतल्या दोन उंच बुद्धमूर्ती येतात आणि सातवाहनांचं नाव येतं. तिथेच गोष्ट संपवली जाते. पण हा विहार त्यानंतरही कित्येक शतकं नांदता होता. नवव्या शतकात इथे देणग्या येत होत्या, दुरुस्त्या होत होत्या, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी पैसा ठेव म्हणून ठेवला जात होता. अकराव्या शतकात इराणी वंशाचे झरथुश्ट्री इथे येऊन आपली नावं कोरून गेले. डोंगर पोखरून मोठी लेणी खोदण्याचा काळ मागे पडला होता, तरी माणसं राहत होती. त्या राहत्या माणसांच्या खुणा आम्हाला नोंदवायच्या आहेत.

हाती असलेले तारीखवार पुरावे एका कागदावर लिहिले. शके ७६५, ७७५ आणि ७९९ हे तीन शिलालेख, म्हणजे इ.स. ८४३, ८५३ आणि ८७७च्या सुमाराचे. त्यानंतर त्या झरथुश्ट्रींचे १००९ आणि १०२१चे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख. शिवाय नेपाळात १०१५ साली लिहिलेली अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता या बौद्ध ग्रंथाची पोथी, जी आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्यातल्या छोट्या चित्रांत बौद्ध जगातली नामांकित स्थळं आहेत आणि त्यांत कोकणातला कृष्णगिरीही आहे. कृष्णगिरी म्हणजे आपलं कान्हेरी. नेपाळातल्या चित्रकाराला अकराव्या शतकात हा डोंगर नावानिशी माहीत होता, हे वाचलं तेव्हापासून मला या कामाचं वेड लागलं आहे.

१६ जून

क्रमांकांचा घोळ आधी सोडवायला हवा. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी लेण्यांना दिलेले आकडे वेगळे आणि आज पुरातत्त्व खात्याच्या पाट्यांवर असलेले वेगळे. जुन्या ग्रंथांतलं दहा नंबरचं लेणं म्हणजे आजचं अकरा, ज्याला सगळे दरबार म्हणतात. जुनं सहासष्ट म्हणजे आजचं नव्वद. जुना ग्रंथ हातात घेऊन डोंगरावर गेलं की माणूस भलत्याच लेण्यासमोर उभा राहतो. म्हणून दोन्ही आकड्यांचा तक्ता करायचा आणि आमच्या नोंदींत पाटीवरचा आकडाच वापरायचा. शंभरावर लेणी आहेत, तेव्हा हे काम किचकट आहे, पण त्याशिवाय पुढचं सगळं लंगडं पडेल.

७ जुलै

पाऊस धरूनच गेलो. बोरिवलीच्या दारापासून सहा-सात किलोमीटर आत येईपर्यंत सगळे चिंब झालो होतो. पण कान्हेरीचं पाणी समजून घ्यायचं तर याच दिवसांत यायला हवं. उन्हाळ्यात दिसतात ते नुसते कोरडे चर. पावसात ते चर काम करताना दिसतात.

लेण्याच्या माथ्यावर, कपाळपट्टीच्या वर, दगडात बोटभर खोल पन्हळ कोरलेली आहे. उतारावरून येणारं पाणी त्या पन्हळीत अडतं आणि लेण्याच्या तोंडावर न पडता बाजूला वळतं. तिथून ते अंगणाच्या कडेला येतं आणि भिंतीच्या पोटात खोदलेल्या टाक्यात उतरतं. टाक्याचं तोंड लहान असतं आणि आतली पोकळी मोठी. वरून सूर्य लागत नाही, म्हणून पाणी कमी आटतं. एका टाक्याच्या तोंडाशी गुडघे टेकून मी बराच वेळ हात फिरवत बसले. काठाच्या आतल्या बाजूला चहूकडून एक खाच आहे, झाकण बसवायला केलेली. पुढच्या कडेला मधोमध दगड गुळगुळीत झाला आहे आणि किंचित खचला आहे. वाकून पाणी काढणाऱ्यांचे हात, गुडघे, दोर, भांडी याच जागी घासत गेली. बाकीची कडा अजून छिन्नीच्या घावांनी खरखरीत आहे.

इथला दगड ब्रेशिया आहे, ज्वालामुखीच्या राखेत आणि लाव्ह्यात अडकलेल्या तुकड्यांचा. त्यामुळे पृष्ठभाग ओबडधोबड. अजिंठ्यासारखी बारीक कलाकुसर इथे कमी दिसते, त्याचं एक कारण हा दगडच असावा. अशा दगडाचा गुळगुळीत झालेला भाग लगेच हाताला लागतो.

जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं आहे. जुन्या प्राकृत लेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलं आहे आणि पोढीचं दान केल्याचे कितीतरी लेख इथे आहेत. सोपारा आणि कल्याण इथल्या व्यापाऱ्यांची नावं या दानलेखांत येतात. टाकी खोदली गेली त्या पहिल्या शतकांत, पण ती भरत राहिली आणि उपसली जात राहिली शेवटच्या भिक्षूपर्यंत. एक पावसाळा पन्हळ साफ केली नाही तर पानं आणि माती थेट टाक्यात जाते, हे आज डोळ्यांनी पाहिलं. एका पन्हळीत कुजलेल्या पानांचा बोळा अडकला होता आणि सगळा लोंढा लेण्याच्या ओसरीत कोसळत होता. म्हणजे दर वर्षी ज्येष्ठाच्या आधी कुणीतरी वर चढून पन्हळी खरवडत असणार. विहार जिवंत असण्याचा अर्थ मला त्या बोळ्याजवळ उभं राहून जितका कळला तितका कुठल्या लेखातून कळला नव्हता.

घळीत खाली जुन्या बांधाचे अवशेष आहेत. ओढा फुगलेला असल्यामुळे जवळ जाता आलं नाही. थंडीत पाहू.

२१ जुलै

पायऱ्यांवर शेवाळ. चौकीतल्या काकांनी वरच्या लेण्यांकडे जायला मनाई केली आणि ते बरोबरच होतं. खालच्या लेण्यांची अंगणं मोजून परत.

११ ऑगस्ट

आज बाहेरचं काम नाही. लिपी शिकवणाऱ्या मॅडमच्या घरी शिलाहार लेखांचं वाचन. तिन्ही लेख संस्कृतात आहेत आणि अक्षर नागरीच्या जवळ गेलेलं आहे, त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला मधूनच एखादं अक्षर ओळखीचं भेटतं.

शके ७६५च्या लेखात राजकीय पायऱ्या स्पष्ट आहेत. वर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष, त्याच्या कृपेनं कोकणावर राज्य करणारा शिलाहार पुल्लशक्ती आणि त्याच्या राज्यातल्या एका जुन्या अमात्यानं कृष्णगिरीच्या संघाला दिलेली देणगी. देणगी द्रम्मांत आहे. द्रम्म म्हणजे त्या काळचं चांदीचं नाणं. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती त्या पैशाची वाटणी. बुद्धपूजेसाठी काही, विहाराची मोडतोड दुरुस्त करायला काही, भिक्षूंच्या चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, काही आणि पुस्तकांसाठी काही. चार खाती. यात नवं लेणं खोदण्याचं खातं नाही.

मॅडमनी इथे थांबवलं. म्हणाल्या, “दुरुस्तीसाठी पैसे आले म्हणजे विहार पडायला आला होता असं लगेच लिहू नकोस. तुमच्या सोसायटीत रंगकामासाठी वर्गणी काढतात तेव्हा इमारत पडायला आलेली असते का?” पटलं. सहाशे-सातशे वर्षं वापरात असलेल्या वास्तूला दुरुस्तीची तरतूद लागणारच. उलट तशी तरतूद होते याचा अर्थ ती वापरायची आहे.

दुसरा लेख शके ७७५चा, पुल्लशक्तीचा मुलगा कपर्दी याच्या काळातला. दाता गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला अविघ्नाकर नावाचा गोमिन, सुगताचा म्हणजे बुद्धाचा उपासक. त्यानं कृष्णगिरीच्या महाविहारात ध्यानाला योग्य अशी निवासस्थानं करवली आणि शंभर द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली. मूळ रक्कम कायम राहायची आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रं मिळायची. तिसरा, शके ७९९चा लेखही कपर्दीच्याच काळातला आणि अशाच दानाचा.

बंगालचा माणूस कोकणातल्या डोंगरात पैसे का गुंतवतो? पाल राजांच्या काळात पूर्वेकडे नालंदा, विक्रमशीला ही मोठी केंद्रं त्याच्या दाराशी होती. तरी तो इथवर आला आणि कायमची ठेव ठेवली. कायमची ठेव माणूस तिथेच ठेवतो जिथे ती संस्था आपल्या पश्चात टिकेल असा त्याचा भरवसा असतो. इ.स. ८५३मध्ये कान्हेरीबद्दल हा भरवसा होता. आमच्या पुस्तिकेतलं हे मध्यवर्ती वाक्य होईल असं मी मॅडमना म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला गेल्या.

८ सप्टेंबर

लेण्यांच्या आकड्यांचा तक्ता पूर्ण. दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासला.

१३ ऑक्टोबर

उघडीप. दिवसभर दरबार लेण्यात.

हे लेणं बाकीच्यांपेक्षा वेगळं कसं, ते आत पाऊल टाकताच कळतं. इतर बहुतेक लेणी लहान आहेत: ओसरी, एक खोली, आत झोपायचा ओटा, बाहेर बसायचं बाक आणि टाकं. एका-दोघा भिक्षूंचं बिऱ्हाड. इथे मात्र लांबच लांब दालन आहे आणि त्याच्या लांबीनं दगडातच राखलेले दोन बुटके ओटे समांतर गेले आहेत. मागच्या भिंतीत गाभारा, त्यात बुद्ध. अशी मांडणी वेरूळच्या पाच नंबरच्या लेण्यातही आहे.

हे ओटे कशासाठी? काहीजण भोजनगृह म्हणतात, काहीजण सभागृह, काहीजण पठणाची जागा. मी दोन ओट्यांच्या मधल्या वाटेत खाली बसून पाहिलं. ओटा छातीशी येतो. त्यावर पोथी उघडून ठेवली तर वाचायला नेमकी उंची मिळते, आणि वाटीत भात ठेवला तरी तितकीच सोय होते. गाभारा समोर ठेवून केलेली ही बैठक मला पाठांतराची आणि वाचनाचीच वाटते. शके ७६५च्या देणगीत पुस्तकांचं खातं आहे, त्या पुस्तकांना वाचायला जागा लागत असेलच. पुरावा म्हणून हे पुरेसं नाही. पुस्तिकेत तिन्ही मतं देऊ आणि माझा कौल कुठे पडतो तेही लिहू.

अविघ्नाकराचा लेख याच लेण्यात, ओसरीच्या खांबांवरच्या तुळईवर आहे. दगड खडबडीत, अक्षरं उथळ. भरदुपारी खालून पाहिलं तर काहीच दिसत नाही, आणि रोज शेकडो माणसं त्याखालून जातात. ऊन कलल्यावर बाजूनं बॅटरीचा झोत टाकला तशा ओळी उठून आल्या. आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीला ‘क’ ओळखता आला आणि ती अक्षरशः ओरडली. तिथे सहलीला आलेलं एक कुटुंब थांबलं, आजोबांनी नातवाला उचलून घेतलं, आणि अर्धा तास आम्ही त्यांना लेख समजावून सांगत बसलो. कामाचा वेळ गेला असं मला वाटत नाही. ठसे घ्यायला परवानगी लागते आणि आम्हाला त्याची गरजही नाही. तिरप्या उजेडातली छायाचित्रं चांगली आली.

१० नोव्हेंबर

लेणं ९०. इथे भिंतीवर अवलोकितेश्वराचा मोठा पट आहे: मधोमध उभा बोधिसत्त्व आणि दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेली माणसं, जी त्याचा धावा करताहेत. जहाजावरच्या प्रवाशांनाही त्यात जागा आहे. सोपाऱ्याच्या आणि कल्याणच्या बंदरांतून येणाऱ्या उपासकांना हा पट जवळचा वाटला असणार.

आज पाहायचे होते ते पहलवी लेख. इ. डब्ल्यू. वेस्ट यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचं वाचन केलं. यज्दगर्दी सन, म्हणजे झरथुश्ट्रींची कालगणना, तिच्यातल्या ३७८चे दोन लेख १००९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले, आणि सन ३९०चा १०२१च्या ऑक्टोबरमधला. मजकूर साधा: ईश्वराचं नाव, सन, महिना, दिवस, आणि इथे आलेल्या धर्मबंधूंची नावं, बापाच्या नावासकट. लेणं कोणाचं, कशासाठी आलो, कोणाला भेटलो, काही नाही. पावसाळा संपल्यावर वाट कोरडी झाली की ही मंडळी वर आली, तारखाच तसं सांगतात. आम्हीही तेच करतो.

हे लेख म्हणजे विहार तेव्हा ओस पडल्याचा पुरावा, असं एक मत आहे: भिक्षू राहत असते तर परधर्मीयांना नावं कोरू दिली असती का? मला हा तर्क टिकाऊ वाटत नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी, बारा वर्षांच्या अंतरानं, माणसं एकाच लेण्यात येतात आणि नीट तारीख घालून नावं कोरतात. कोरायला वेळ लागतो, हत्यार लागतं, मुक्कामाला पाणी लागतं. ओस पडलेल्या डोंगरापेक्षा पाहुण्यांची सोय असलेल्या जागी हे सहज घडतं. आणि या दोन सालांच्या मधल्याच काळात, १०१५मध्ये, तो नेपाळचा चित्रकार कृष्णगिरी रंगवत होता.

आजच्या पर्यटकांनी जवळच्याच भिंतींवर खिळ्यानं ओरबाडलेली नावं पाहून जीव तुटला. हजार वर्षांपूर्वीच्या पाहुण्याचं नाव ज्या भिंतीनं आपल्यापर्यंत आणलं, तशीच भिंत खरवडायची?

२४ नोव्हेंबर

लेणं ८७ आणि शेजारची लांब कपार, विहाराचं स्मशान. विटांच्या लहान लहान स्तूपांचे चौथरे ओळीनं आहेत. इथे सापडलेले छोटे लेख शोभना गोखले यांनी वाचले. त्यांत निवर्तलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं आहेत आणि ‘अर्हत’सारख्या पदव्या आहेत. हे लेख आमच्या काळाआधीचे, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले. तरी ही जागा नकाशात हवी. नवव्या शतकातला भिक्षू रोज या गुरूंच्या स्तूपांवरून ये-जा करत होता.

घळीतला बांध आज पाहिला. पाणी गुडघ्याच्या खाली. मोठे दगड दोन्ही काठांना टेकून आहेत, मधला भाग वाहून गेलेला. लांबी मोजली, छायाचित्रं घेतली. काळाबद्दल काहीही लिहायचं नाही असं ठरलं.

१५ डिसेंबर

आज परिसर. विहार डोंगरात असला तरी त्याचं पोट खालच्या गावांवर चालत होतं. कान्हेरीच्या एका जुन्या लेखात मंगलठाण गावातलं शेत विहाराला दिल्याचं म्हटलं आहे. मंगलठाण म्हणजे मागाठाणे. आज तिथे मेट्रोचं स्थानक आहे. मागाठाण्याची बौद्ध लेणीही तिथेच, घरांच्या दाटीत. एका घराच्या मागच्या अंगणातून वाट काढत आम्ही आत गेलो. घरातल्या मावशींनी आधी संशयानं पाहिलं, मग स्वतःच पुढे होऊन भिंतीवरची झिजलेली मूर्ती दाखवली. “आम्ही इथे कचरा टाकू देत नाही कुणाला,” म्हणाल्या. ते खरं होतं. त्यांच्या बाजूचा कोपरा झाडलेला होता.

तिथून मंडपेश्वर. साधारण आठव्या शतकातलं शैव लेणं, म्हणजे कान्हेरीत भिक्षू असतानाच शेजारी शिवाची उपासना चालू होती. १५३४मध्ये वसईच्या तहानं साष्टी बेट, म्हणजे हा सगळा परिसर, पोर्तुगीजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्यात प्रार्थनागृह केलं. त्यांच्या वास्तूचे उघडे अवशेष लेण्याच्या माथ्यावर अजून उभे आहेत. एकाच खडकावर दोन धर्मांच्या साधूंचे मठ.

शेवटी एकसरचे वीरगळ. जहाजांच्या लढाईचे पट असलेले हे दगड तेराव्या शतकातले मानतात, आणि शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्यातल्या समुद्री युद्धाशी त्यांचा संबंध जोडला जातो. वल्हेकऱ्यांच्या रांगा अजून मोजता येतात. ज्या घराण्याच्या अमात्यानं कान्हेरीच्या पुस्तकांसाठी पैसे ठेवले, त्याचा शेवट या दगडांवर आहे. म्हणून आमच्या नकाशाची पश्चिमेची कड एकसरपर्यंत ओढली.

५ जानेवारी

नकाशाच्या काळपट्टीवरून मॅडमशी वाद. मला १०२१नंतर एक तुटक रेघ ओढायची होती, बाराव्या शतकापर्यंत जाणारी. एवढी मोठी संस्था एका रात्रीत उठून जात नाही, हा माझा मुद्दा. त्यांचा मुद्दा: “रेघ तुटक असली तरी शाळेतली मुलं ती पक्की समजून पाठ करतात. जिथे तारीख आहे तिथे ठिपका दे. ठिपक्यांच्या मधे काय घडलं असेल ते मुलांना विचारू दे.” दोन दिवस मी त्यावर विचार केला. त्यांचं ऐकलं. काळपट्टीवर ८४३, ८५३, ८७७, १००९, १०१५, १०२१ असे सहा ठिपके आहेत, मग मोकळी जागा आणि मग १५३४.

पन्हळींचा आराखडा मात्र मोठा छापायचा, अर्ध्या पानावर. माथ्यावरची पन्हळ, उताराची दिशा, टाक्याचं तोंड, झाकणाची खाच. मुलांनी डोंगरावर जाऊन तो पाणीमार्ग बोटानं शोधावा असं काढलं आहे.

२ फेब्रुवारी

पुस्तिकेचं कच्चं छापील हाती आलं. दरबार लेण्यातल्या लेखाचं छायाचित्र काळं आलं आहे, ते बदलायला सांगितलं. मुद्रितशोधनात ‘अक्षयनीवी’ची ‘अक्षयनिवी’ झालेली तीन ठिकाणी सापडली. नव्वद नंबरच्या लेण्याच्या पानावर एक ओळ वाढवली: भिंतीला हात लावू नका, बॅटरी बाजूनं धरा.

मावशींचा मागाठाण्याचा कोपरा नकाशात आहे, त्यांचं घर नाही. पहिल्या प्रतींपैकी एक त्यांना द्यायची आणि एक चौकीतल्या काकांना. पन्हळी साफ करायचं काम पुन्हा करता येईल का, हे रीतसर अर्ज करून विचारायचं ठरलं. परवानगी मिळाली तर मे महिन्यात, पावसाआधी.